नाशिकचा चिवडा

विम्याच्या दाव्यांचं काम करून करून मला एक खोड लागली आहे. कुठलाही कागद हातात आला की मजकूर नंतर वाचते, आधी तारखा आणि नाती बघते. 'अर्जदाराचं मयताशी नातं' हा एक रकाना बरोबर असला की बाकीचं बहुतेक जुळतं. तो चुकला की फाइल सहा-सहा महिने हलत नाही. त्या रकान्यावरून सख्खे भाऊ एकमेकांची तोंडं बघेनासे झालेले मी वीस वर्षं पाहते आहे. आमच्याच घरी तो रकाना चुकलेला असेल, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

फाल्गुनात बाबा गेले. सदुसष्ट वर्षांचे होते, आई आधीच गेलेली. पाचव्या दिवशी मी आणि धाकटा भाऊ अस्थी घेऊन नाशिकला निघालो. कलश लाल फडक्यात बांधून माझ्या मांडीवर. तो खाली टेकवायचा नाही असं आत्यानं तीनतीनदा बजावलेलं, त्यामुळे नारायणगावला भाऊ चहाला उतरला आणि मी गाडीतच बसून राहिले. त्यानं माझा चहा खिडकीतून आत दिला. एका हातात चहा, दुसरा हात बाबांवर. हसू येत होतं आणि हसायचं कसं हेही कळत नव्हतं.

नाशिकला कधी गेला असाल तर ठाऊक असेल, रामकुंडावर पाय ठेवताच कोणीतरी विचारतं, "आडनाव? मूळ गाव?" तेवढं सांगितलं की घराण्याचे उपाध्ये कोण ते लोकच सांगतात. आमचं मूळ गाव वाईकडचं. दहा मिनिटांत आमचे उपाध्ये आले, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. विधी झाला. अस्थी पाण्यात सोडल्या. जरा पलीकडे दुतोंड्या मारुती उभा. गोदावरीचा पूर किती चढला ते नाशिककर त्या मारुतीवरून मोजतात, पाणी त्याच्या कमरेला आलं की छातीला, असं. त्या दिवशी पाणी त्याच्या पायापाशीही नव्हतं.

मग आम्ही उपाध्यांच्या घरी वही बघायला गेलो. खरं म्हणजे वही दाखवा म्हणून आम्ही म्हटलंच नव्हतं. पण नोंद करायची असते, सही करायची असते, म्हणून त्यांनी ती काढली. खारव्याच्या लाल कापडात बांधलेली लांबट, जाडजूड चोपडी. आमच्या आडनावाची पानं उघडली. सुरुवातीला पणजोबांची मोडी, जी आम्हा दोघांनाही वाचता येईना. कोण कधी आलं, कशासाठी आलं, बरोबर कोण होतं, मुलगे किती, एवढाच मजकूर. बायकांची नावं नाहीतच, फार तर 'सौ.' किंवा 'मातुःश्री'. मुली तर घराण्यात जन्मल्याच नव्हत्या जणू.

मग आजोबांचं अक्षर आलं. टपाल खात्यातलं, उजवीकडे झुकलेलं. मी खोडीप्रमाणे आधी तारीख बघितली. शके १८८३, भाद्रपद वद्य. शकात ७८ मिळवायचे, म्हणजे १९६१. मग नातं बघितलं.

'धाकटे बंधू व त्यांचे कुटुंब पुण्यास पानशेतचे पुरात ज्येष्ठ अमावास्येस वारले. देह मिळाले नाहीत. त्यांचा मुलगा, वय ३, माझेजवळ आहे.' आणि पुढे त्या मुलाचं नाव.

नाव बाबांचं होतं.

मी वही भावाकडे सरकवली. त्यानं वाचलं, परत वाचलं. "आजोबांना आणखी एक पुतण्या होता का, याच नावाचा?" त्यानं विचारलं. मला त्याची दया आली, कारण दावा नाकारायची वेळ आली की आमच्याकडचे लोकही अगदी असलंच काहीतरी शोधून काढतात.

उपाध्ये काही बोलले नाहीत. त्यांनी पान उलटलं. १९८६, बाबांचं अक्षर: 'ती. वडिलांच्या अस्थी घेऊन आलो.' खाली सही. आजोबा गेले त्या वर्षीची नोंद. म्हणजे अठ्ठावीस वर्षांचे बाबा याच वहीपुढे बसले होते, आणि मागचं पान त्यांनीही वाचलंच असणार.

त्याखाली आणखी एक नोंद होती, वेगळ्या शाईची. ज्येष्ठ अमावास्या, शके १९०९. म्हणजे पुढच्याच वर्षी. दोन वाक्यं.

'आई-वडिलांचे श्राद्ध केले. आईला कळू नये.'

पहिली आई आणि दुसरी आई या दोन वेगळ्या बायका आहेत हे समजायला मला बराच वेळ लागला. पहिली पुरात गेलेली. दुसरी त्या दिवशी पुण्यात सदाशिव पेठेत, बहुधा माझी वेणी घालत बसलेली.

*

पानशेत आमच्या घरात कधी लपवलेलं नव्हतं. उलट फार बोललं जायचं. १२ जुलै १९६१ला सकाळी, बांधकाम पुरं न झालेलं धरण फुटलं. आदल्या रात्रभर जवान वाळूची पोती रचत होते. मग त्या पाण्यानं खालचं खडकवासला धरणही फोडलं. लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे बसले. आजोबा सांगायचे, पूर ओसरल्यावर पुण्यात सगळीकडे गुडघाभर गाळ आणि प्यायला थेंब नाही, कारण पाणी खडकवासल्याहूनच यायचं. लोक जुन्या विहिरी आणि पेशवाईतले हौद उपसायला लागले. पुरानं बुडालेल्या गावाला तहान लागली, हे वाक्य ते दर वेळी तसंच्या तसं म्हणायचे.

आणि भिंतीवर फोटो होता. फेटा बांधलेला तरुण आणि नऊवारीतली, कॅमेऱ्याला घाबरलेली मुलगी. बाबा त्यांना काका-काकू म्हणत. आम्ही मुलं पुरातले आजोबा आणि पुरातली आजी म्हणायचो. शनिवार पेठेत नदीजवळच्या वाड्यात त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. पाणी चढायला लागलं तेव्हा दोघं सामान माडीवर चढवत होते, वाडा त्यांच्यासकट गेला. त्यांना मूल होतं की नव्हतं हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही. फोटोत दोघंच होते, म्हणजे दोघंच असतील.

आता मागे वळून बघते तर सगळं उघडंच होतं. पितृपंधरवड्यात आजी अविधवा नवमी करायची. नवऱ्याच्या आधी, कुंकवासकट गेलेल्या बाईसाठी ही नवमी असते. आजी एक सवाष्ण जेवायला बोलवायची, ओटी भरायची, पुरणाचं पान आधी त्या फोटोपुढे ठेवायची. मी दहा-अकरा वर्षांची असताना तिला विचारलं होतं, "पण ते दोघं एकदमच गेले ना? मग ती आधी गेली हे कशावरून?" आजीनं ओटीतला नारळ नीट केला आणि म्हणाली, "मी ठरवलं."

तिनं ठरवलं. कुणी बघितलं नव्हतं, कुणाला विचारता येत नव्हतं, शास्त्राला सुद्धा उत्तर ठाऊक नव्हतं. मग जावेला सवाष्ण म्हणून पाठवायचं आपल्या हातात आहे, तर तेवढं करायचं. मला तेव्हा ते उत्तर उर्मट वाटलं होतं.

दुसरी गोष्ट चतुःशृंगीची. नवरात्रात आम्ही सगळे जत्रेला जायचो आणि आजी खाली पायऱ्यांशी चपला सांभाळत बसायची. गुडघे दुखतात म्हणायची. तिथूनच वर हात जोडायची. हीच आजी दर सोमवारी पर्वतीच्या एकशेतीन पायऱ्या चढून जायची आणि येताना कोपऱ्यावरून दोन किलो बटाटे घेऊन यायची. दाव्याच्या कागदात इतकी ढोबळ विसंगती दिसली असती तर मी पहिल्याच दिवशी लाल शेरा मारला असता. आजीच्या बाबतीत तीस वर्षं लक्षात आली नाही.

*

नाशिकहून परतताना गाडीत भाऊ चिडलेला होता. आजोबांवर, आजीवर, सगळ्यांवर. मला राग फक्त बाबांचा आला होता, आणि तो वेगळ्याच कारणानं. आई गेल्यापासून दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायचे. त्यांच्या गोळ्यांचा डबा भरायचे, बँकेचं पासबुक बघायचे, दुपारभर बसायचो. एवढ्या रविवारांत त्यांना हे मला सांगावंसं वाटलं नाही, आणि वर्षा-दोन वर्षांतून एकदाही न भेटणाऱ्या उपाध्यांना मात्र लिहून दिलं! मेलेल्या माणसावर असा राग येणं बरं दिसत नाही, पण आला. संगमनेर जाईपर्यंत टिकला.

घरी आत्या मेथी निवडत बसली होती. बाबांच्या पाठची, १९६३चा जन्म. मी चपलाही नीट काढल्या नाहीत. "आत्या, बाबा तुझे सख्खे भाऊ नव्हते?"

तिचे हात थांबले नाहीत. "सख्खाच होता," ती म्हणाली. चार काड्या निवडून झाल्यावर म्हणाली, "वहीत लिहिलंय होय? नानांना सवयच होती सगळं लिहून ठेवायची."

मग तिनं सांगितलं. ती सांगत होती आणि मेथीचा ढीग संपत होता, म्हणून मला ते सगळं मेथीच्या वासासकट आठवतं.

आजीच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. धाकट्या जावेला मात्र वर्षातच झालं. आजीनं चतुःशृंगीला नवस बोलला, माझ्या घरात मूल खेळू दे. पुरापूर्वी चार-पाच दिवस पालख्या पुण्यात आल्या. आजी जावेच्या मुलाला घेऊन भवानी पेठेत माउलींच्या दर्शनाला गेली, येताना पोर भिजलं, रात्री फणफणलं. "ताप उतरला की आणून सोडते," असा तिनं जावेला निरोप धाडला. पालखी दिवेघाट चढून पुढे गेली. ताप उतरला अमावास्येला.

देह सापडले नाहीत, म्हणून दर्भाचा पुतळा करून सगळं करावं लागलं. तेराव्याला शेजारची एक बाई आजीला म्हणाली, "देवीनं ऐकलं हो तुमचं." चांगल्या मनानं म्हणाली, आत्या म्हणते. आजीनं त्या दिवसानंतर त्या बाईच्या हातचं पाणी घेतलं नाही आणि चतुःशृंगीची पायरी चढली नाही. नवस फेडायचा म्हणजे तो देवीनं पुरा केला असं कबूल करायचं. ते तिला करायचं नव्हतं. देवीशी तिचं वैर नव्हतं, दर शुक्रवारी घरातल्या देवीला हळद-कुंकू वाहायचीच. फक्त तो एक व्यवहार तिनं आयुष्यभर उघडा ठेवला.

दोन महिन्यांत आजोबांनी कऱ्हाडला बदली मागून घेतली. तिथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. शाळेत वडिलांच्या जागी आजोबांचं नाव लागलं. तीन वर्षांच्या पोराला विसरायला किती दिवस लागतात? पहिले काही महिने ते रात्री उठून दाराशी जाऊन उभं राहायचं, आजी उचलून आणायची. मग राहायचं थांबलं. दोन वर्षांनी आत्या झाली. पुढे पुण्याला परत आले तोवर जुन्या वाड्यांतली माणसं लांब लांब, नव्या पूरग्रस्त वसाहतींत विखुरली होती.

"पण तुला कोणी सांगितलं?" भावानं विचारलं.

"आईनं. ती गेली त्याच्या आठवडाभर आधी. २००९ला, दवाखान्यात. सगळं सांगितलं आणि म्हणाली, दादाला बोलू नकोस."

"का?"

"म्हणाली, त्याला माहीत आहे."

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.

"अगं, चिवड्यावरून," आत्या म्हणाली, जणू यात न कळण्यासारखं काय आहे.

१९८७च्या पावसाळ्याच्या तोंडाशी बाबा ऑफिसच्या कामाला म्हणून दोन दिवस मुंबईला गेले. येताना मुलांसाठी खाऊ आणला, चिवडा. पिशवीवर ठळक अक्षरांत नाशिक. बाबांचं खोटं बोलणं हे असं असायचं. आईसाठी लपवून साडी आणली तर बिल वरच ठेवायचे. आजीनं पिशवी बघितली. दिवस कुठला ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिनं एक अक्षर विचारलं नाही. चिवडा डब्यात ओतला आणि पिशवी बंबात घातली. आत्या तेव्हा माहेरपणाला आली होती. आजी बंबाशी उकिडवी बसून कागद जळेपर्यंत बघत होती, हे तिला आठवत होतं. त्याचा अर्थ बावीस वर्षांनी दवाखान्यात कळला.

मला तो चिवडा आठवतो का, हे मी स्वतःला पुष्कळ विचारून पाहिलं. मी सात वर्षांची होते. तळलेल्या कांद्याचा वास आठवल्यासारखा वाटतो. पण तो मी आता मागाहून त्यात घालते आहे असाच जास्त संभव.

म्हणजे १९८७ ते २००९, ही दोन माणसं एका स्वयंपाकघरात समोरासमोर जेवली. तिला माहीत होतं की त्याला माहीत आहे. त्याला वाटत होतं की तिला माहीत नाही. तिच्या शेवटच्या आजारात बाबा रजा टाकून रात्री दवाखान्यात झोपायचे, तिच्या पायांना तेल लावायचे. तेव्हासुद्धा नाही.

*

बाराव्याला सपिंडी असते. गेलेल्या माणसाच्या पिंडाचे तीन भाग करतात आणि ते त्याचा बाप, आजा, पणजा यांच्या पिंडांत मिसळतात, म्हणजे तो पितरांत जातो. गुरुजींना तीन नावं हवी होती. गोत्र एकच, आजा एकच, पणजाही तोच. अडचण एका नावाची होती.

आदल्या दिवशी आम्ही त्यांना सगळं सांगितलं. "दत्तविधान झालं होतं?" त्यांनी विचारलं. कागद नाही, नोंद नाही, आजोबांनी लिहिलंय 'माझेजवळ आहे'. माझ्या ऑफिसात असल्या दोन शब्दांवर एक रुपया सुटणार नाही.

गुरुजी जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुमचे वडील दर वर्षी महालय करत. ते स्वतः कोणाला कुठे बसवत?"

ते मला पाठ होतं. बापाच्या जागी आजोबा. आणि पुढे ती लांबलचक यादी, चुलते, मामा, आत्या, सासरे, जी गुरुजी एका दमात म्हणत जातात, तिच्यात चुलत्यांपाशी आले की बाबा हात वर करायचे. "जरा सावकाश गुरुजी." मग काकांचं नाव, गोत्र, काकूचं नाव, एकेक अक्षर सुटं. तिळाचं पाणी बोटांवरून पूर्ण ओघळून खाली पडेपर्यंत पुढचं नाव घेऊ द्यायचे नाहीत. आम्हाला भूक लागलेली असायची, आत वडे तळून तयार असायचे. आई स्वयंपाकघरातून डोळ्यांनी विचारायची, अजून किती? बाबा बारीकसारीक गोष्टींत फार काटेकोर, असंच आम्ही समजत होतो.

"मग त्यांनी मांडून ठेवलंय सगळं," गुरुजी म्हणाले. "आपण कशाला जागा हलवायच्या?"

बाराव्या दिवशी भावानं आजोबांचं नाव घेतलं. शेवटी आप्तांसाठी पाणी सोडताना त्यानं हात वर केला, अगदी बाबांसारखा, आणि दोन नावं सावकाश घेतली. कुणी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं.

*

वहीतलं ते दुसरं वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. आईला कळू नये. काम करताना मध्येच आठवायचं. ती नोंद अर्धवट होती, आणि अर्धवट नोंद मला बघवत नाही. वैशाखात मी उपाध्यांना फोन केला. म्हटलं, "तिथे खाली एक ओळ घालायची आहे. मी सांगते, तुम्ही लिहाल का?"

"नाही ताई," ते म्हणाले. "घरच्याचं अक्षर लागतं. या सवडीनं."

ज्येष्ठ अमावास्येला गेलो, आत्यालाही घेऊन. या वेळी आत्या पुढच्या सीटवर बसली आणि नारायणगावला आम्ही तिघांनी बाकावर बसून नीट चहा प्यायलो. पाऊस लागलेला होता, गोदावरी मातकट. रामकुंडावर विधी झाल्यावर उपाध्यांनी वही काढली, पान उघडलं आणि पेन भावापुढे धरलं. त्यानं ते माझ्याकडे दिलं. "तू लिही, माझं अक्षर औषधाच्या चिठ्ठीसारखं आहे."

बाबांच्या दोन वाक्यांखाली बोटभर जागा होती. मी तारीख घातली, तिथी घातली, आणि लिहिलं: 'आईला माहीत होते.' खाली माझी सही. मग आत्यानं पेन मागून घेतलं. तिला लिहायची सवय राहिलेली नाही, बराच वेळ लागला. तिनं फक्त स्वतःचं नाव लिहिलं, माहेरचं, आणि पुढे 'बहीण'.

उपाध्यांनी पानावर फुंकर घालून शाई वाळवली आणि वही बांधली. बाहेर आल्यावर आत्यानं छत्री उघडली आणि म्हणाली, चिवड्याचं दुकान कुठे आहे ते बघा रे, अर्धा किलो घेऊ. पिशवी नको म्हणावं, डबा आणलाय मी.